बिननावाच्या शिखरावरचे सासरे

माझ्या सासऱ्यांइतका घाबरट माणूस दापोडीपासून निगडीपर्यंतच्या एकाही कारखान्यात, चाळीत किंवा देवळात सापडायचा नाही, हे मी जावई म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून सांगतो. सर्वसाधारण माणूस एखाददुसऱ्या गोष्टीला भितो. कुणी सापाला, कुणी साहेबाला, कुणी बायकोच्या माहेरच्यांना. सासऱ्यांकडे असा भेदभाव नव्हता. वीज, गॅस, जिने, कुत्री, उतू जाणारं दूध, ओली फरशी, चालत्या गाडीतून उतरणारी माणसं आणि थांबलेल्या गाडीतून उतरणारी माणसं, या सगळ्यांना ते सारख्याच निष्ठेनं भीत. चिंचवड स्टेशनपाशी मुंबई-पुणे रस्ता ओलांडायचा तर नजर पोचेल तिथवर दोन्ही बाजूंना एकही वाहन नसलं पाहिजे, असा त्यांचा नियम होता. बासष्ट-त्रेसष्टच्या सुमारास, रस्त्यावर बैलगाड्या जास्त आणि ट्रक कमी होते तेव्हा, हा नियम पाळता यायचा. पुढे कारखाने वाढले, शिफ्टा सुटायच्या वेळी सायकलींचा पूर यायला लागला आणि तो रस्ता रिकामा होणं कायमचं थांबलं. सासऱ्यांनी नियम बदलला नाही. ते स्टेशनवरून निगडीची बस पकडत, निगडीला बस वळली की त्याच बसमधून परत येत आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला उतरत. समोरच्या दुकानातून रवा आणायला त्यांना अख्खी सकाळ लागे. कंडक्टरांना ते पाठ झाले होते. "काका, पलीकडंच ना?" असं विचारून ते तिकीट फाडत. रस्ता ओलांडायला तिकीट काढणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

असा माणूस नोकरीत काय करत असेल, असं कुणी विचारलं तर मी आधी त्याला बसायला सांगतो. सासरे एका मोठ्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. आधी ते मेंटेनन्सला होते, पण तिथे कुठल्याही मशीनला हात लावण्यापूर्वी ते इतक्या शंका काढत, की मशीन आपोआप सुरू होईपर्यंत त्यांच्या शंका संपत नसत. मग कारखान्यात सुरक्षेचं नवीन खातं निघालं आणि वरच्यांनी आजूबाजूला पाहिलं, तेव्हा त्यांना सासऱ्यांखेरीज कुणी दिसलंच नाही. त्या कंपनीनं केलेली ती सर्वांत अचूक नेमणूक असावी. पिवळं हेल्मेट घालून ते मशीनशॉपमधून फिरू लागले की कामगार आपणहून गॉगल चढवत, बाह्या वर करत, जमिनीवरचं तेल पुसत. दराऱ्यापेक्षा त्यात दया जास्त होती. "साहेबांना बघवत न्हाई राव, उगं तरास कशाला द्यायचा," असं एका ऑपरेटरनं मला सांगितलेलं आठवतं.

आमच्या लग्नात त्यांनी मला पहिला धक्का दिला. होम पेटवायच्या वेळेला भटजींनी तुपाची पळी उचलली आणि सासरे मांडवाच्या मागून दोन लाल बादल्या घेऊन आले. कारखान्यातल्या, वाळूनं भरलेल्या, आग विझवायच्या. एक त्यांनी सुमनच्या आणि माझ्या मधे ठेवली, दुसरी होमाच्या पलीकडे. भटजी म्हणाले, "अहो, हा अग्नी साक्षीला आहे." सासरे म्हणाले, "असू दे. साक्ष झाली की विझवू." आमच्या लग्नाच्या एकुलत्या एक बऱ्या फोटोत मी आहे, सुमन आहे आणि मधोमध 'आग' असं पांढऱ्या अक्षरांत लिहिलेली बादली आहे. बघणाऱ्याला ती संसाराबद्दलची सूचना वाटते.

पण त्यांच्या सगळ्या भीतींची महाराणी म्हणजे उंची. स्वतःचं घर त्यांनी तळमजल्यावर घेतलं होतं आणि तेही जोत्याला दोनच पायऱ्या असलेलं. दिवा बदलायचा तर ते स्टुलावर चढत नसत. बांबूच्या टोकाला चिमटा बसवून त्यांनी एक हत्यार बनवलं होतं, त्यानं जमिनीवर उभं राहून दिवा काढत. त्यात फुटलेल्या दिव्यांच्या काचांना ते पुन्हा वेगळे भीत. मी पिंपरीला आमच्या कंपनीच्या कॉलनीत राहायचो, तिसऱ्या मजल्यावर. लग्नानंतर कित्येक वर्षं सासऱ्यांनी आमचं घर आतून पाहिलं नव्हतं. ते यायचे, खाली पटांगणात उभे राहायचे आणि हाक मारायचे. सुमन गॅलरीत आली की पहिलं वाक्य ठरलेलं असे, "कठड्यापासून मागे हो." ती मागे झाली की त्यांना दिसायची नाही. मग बापलेकींचं बोलणं एकमेकांना न बघता, सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात चाले. आमच्या घरी पाहुणे कधी येणार, कुणाचं पोट बिघडलं आहे आणि दिवाळीला काय घेणार, हे आमच्याआधी शेजाऱ्यांना कळायचं ते यामुळे.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी मात्र कारखान्यात एक प्रसंग घडला आणि त्यानंतर हसण्यावारी न्यायला जीव होईना. आवारात पाण्याची उंच टाकी होती. ती रंगवायला बीडकडचा एक रंगारी वर चढला. काम झालं, सामान खाली सोडलं, आणि मग त्यानं एकदा खाली पाहिलं. तो तिथेच खिळला. शिडीच्या वरच्या टोकाला मिठी मारून ओरडायला लागला, "मला येता येईना गेलंय खाली. काई करा, पर मला खाली घ्या." शंभर-दोनशे माणसं जमली आणि त्या सगळ्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. अशा वेळी त्यांच्याचकडे पाहायचं, हे त्यांनीच वर्षानुवर्षं शिकवलं होतं. सासरे हेल्मेटचा पट्टा घट्ट करून शिडीपाशी गेले. चार-पाच पायऱ्या चढले. मग त्यांचे पाय थांबले. ते तसेच खाली आले आणि हिरवळीवर बसले. कँटीनचा स्वयंपाकी निघोजे गावचा होता, तो पुढे आला आणि म्हणाला, "सायेब, तुमी बसा. म्या जातो." त्यानं वर जाऊन पंच्यानं स्वतःची आणि रंगाऱ्याची कंबर एकत्र बांधली आणि माकडीण पिलाला आणते तसा त्याला खाली आणला. रंगाऱ्याला चहा दिला, स्वयंपाकी चपात्या लाटायला परत गेला, सगळं सुखरूप पार पडलं. सासऱ्यांना कुणी एका शब्दानं काही म्हटलं नाही. एरवी त्यांच्या मागे हसणारी माणसंही त्या दिवशी हसली नाहीत. सासूबाई सांगत होत्या, घरी आल्यावर ते फक्त एवढंच म्हणाले, "आज मी खाली उभा होतो." त्यानंतर त्यांची झोप उडाली. डोळा लागला की दचकून उठायचे आणि "ये, हळूहळू ये" असं काहीतरी पुटपुटायचे.

निवृत्त होऊन थोडेच दिवस झाले असतील. रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो आणि दार वाजलं. मी उघडलं तर दारात सासरे. तिसऱ्या मजल्यावर. चेहरा चुना लावल्यासारखा, दोन्ही तळहात जिन्याच्या भिंतीला चिकटलेले, सदरा घामानं भिजलेला. मला वाटलं सासूबाईंचं काहीतरी बरंवाईट झालं. सुमन तर ताट सोडून रडायच्याच बेतात आली. "काही झालेलं नाही," ते म्हणाले. "सराव करतोय." पाणी प्यायले, गॅलरीचं दार आतून लावून घेतलं, आणि त्याच शांतपणे सांगितलं, "मी हिमालयात जातोय. शिखर चढायला."

आमटी माझ्या नाकात गेली. सुमननं पाठीवर थापट्या मारल्या, पण तिचंही लक्ष माझ्याकडे नव्हतं. पुण्यातली काही मंडळी म्हणे अशी सफर काढत होती. वाटाड्या बरोबर घेऊन आधी डोंगरदऱ्यांतून बरेच दिवस चालायचं, अंगाला विरळ हवेची सवय झाली की शेवटी बर्फाचं एक शिखर चढायचं. ज्याला नको असेल त्यानं खाली तंबूत थांबावं. सासरे त्या मंडळींच्या म्होरक्याला भेटून आले होते. तो पंचविशीतला, दाढी वाढवलेला पोरगा. त्याला त्यांनी दोराची जाडी विचारली, औषधं विचारली, शेवटी विचारलं, "तंबूला आग लागली तर विझवायचं साधन काय?" तो म्हणाला, "काका, सगळीकडे बर्फच आहे." हे उत्तर सासऱ्यांना समाधानकारक वाटलं. शिखराचं नाव काय, असं मी विचारलं. "नाव नाही," ते म्हणाले. "नकाशात नुसता उंचीचा आकडा आहे. बरं आहे. नाव असलं की लोक गर्दी करतात."

मी सासूबाईंकडे धावलो. मला वाटलं, निदान त्या तरी आडव्या पडतील. त्या तांदूळ निवडत होत्या. "जाऊ द्या त्यांना," त्या म्हणाल्या. "गॅसच्या बटणाला तेवढीच विश्रांती." मग खडा बाजूला टाकत म्हणाल्या, "पण एकटे नकोत." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, तरी मला सगळं कळलं. घरी आलो तर सुमननं माझी ट्रंक खाली काढून ठेवली होती. मी टूलरूममध्ये काम करणारा माणूस, चार हजार मजूर खपत असलेल्या शेडबाहेरची हवा मला मानवत नाही, वगैरे मी पुष्कळ बोललो. तिनं ऐकलं आणि लोकरीचे मोजे ट्रंकेत घातले.

सासऱ्यांचा सराव हा पुढचा धक्का. ते पाठपिशवीत दळणाचे गहू भरत, पहाटे देहूरोडपर्यंत बसनं आणि पुढे चालत घोराडेश्वराच्या डोंगराखाली जात, पायऱ्यांवर भिंतीकडच्या कडेनं, बहुतेक वेळा चार पायांवर, वर चढत, तसेच खाली उतरत आणि मग गहू गिरणीत देत. गिरणीवाला म्हणे, "काका, गहू लांबून आणता का?" ते म्हणत, "उंचावरून." सुरुवातीला ते अर्ध्यातून परतायचे. एके दिवशी लेण्यांपर्यंत पोचले आणि घरी येऊन सासूबाईंना म्हणाले, "मी वरून रेल्वे पाहिली. छान दिसते, पण बघू नये."

दिल्लीची गाडी, पुढे चंदीगड, पुढे मनालीची बस. त्या बसमध्ये सासरे ड्रायव्हरच्या मागे बसून प्रत्येक वळणाला ब्रेक दाबल्यासारखा स्वतःचा उजवा पाय दाबत होते. मनालीला दोरजे नावाचा वाटाड्या आमच्यात आला. चाळिशीचा, रापलेला, कमी बोलणारा माणूस. त्याच्यावर सासऱ्यांनी आपली कारखानी हिंदी मोकळी सोडली. "ये दोर किसने तपासा? कब तपासा? उसका सही किधर है?" दोरजे म्हणाला, "बाबूजी, इस पर मैं खुद चढ़ता हूँ." सासऱ्यांनी थोडा विचार केला आणि मान डोलावली. पण दोर तपासलाच, वावभर वावभर, हाताखालून काढून. नदीवर एक झुलता पूल होता, दोन तारा आणि मधे मोडक्या फळ्या. सगळे पलीकडे गेले तरी सासरे अलीकडेच. अखेर त्यांनी माझा पट्टा मागून धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, "चला जावईबापू, मी तुमच्यामागे आहे." पलीकडे पोचल्यावर माझ्या कमरेवर पट्ट्याचा वळ उठला होता.

तरीही एक गोष्ट मला कबूल केली पाहिजे. दिवसामागून दिवस गेले, झाडं संपली, गवत संपलं, दगड आणि बर्फ उरले, पण सासरे थांबले नाहीत. प्रत्येक गोष्टीला घाबरत, प्रत्येक गोष्टीबद्दल विचारत, ते सगळ्यांच्या मागून संथ चालत राहिले. आमच्यातले दोघे तगडे तरुण डोकेदुखीनं आडवे झाले. मला स्वतःबद्दल मात्र काहीच शंका नव्हती. घाबरणं हे सासऱ्यांचं काम आणि त्यांना सांभाळणं हे माझं, अशी वाटणी माझ्या मनात पक्की होती. तळाच्या तंबूत बसून मी त्यांना म्हणालो, "मामा, इथवर आलात हेच खूप झालं. उद्या तुम्ही तंबूत थांबा. मी वर जाऊन येतो आणि तुम्हाला सगळं सांगतो." त्यांनी बुटांना बांधायचे लोखंडी दात पुसून पुसून लखलखीत केले होते. ते म्हणाले, "बघू."

सकाळी उजाडता उजाडता ते तयार होते. लोकरीची माकडटोपी, आणि तिच्यावर कारखान्यातलं पिवळं हेल्मेट. चिंचवडहून ते त्यांनी हिमालयात आणलं होतं, याचा आम्हाला पत्ताच नव्हता. दाढीवाला म्होरक्या हसू दाबत म्हणाला, "काका, वर डोक्यावर काय पडणार?" सासरे म्हणाले, "वर काय आहे ते वर गेल्यावर कळेल."

आम्ही दोन दोरांवर निघालो. पहिल्या दोरावर म्होरक्या आणि दोघं, दुसऱ्या दोरावर पुढे दोरजे, मधे सासरे आणि शेवटी मी. चढ सोपा होता. मग एक बर्फाची धार लागली. घराच्या कौलारू छपराचा कणा असतो तशी, पण दोन्ही बाजूंची कौलं पार तळाच्या दरीपर्यंत गेलेली. पहिला दोर पार झाला. आमचा दोर धारेवर आला. मी सासऱ्यांवर नजर ठेवून होतो, ते आता थांबतील, मग थांबतील, असं धरून. आणि मधेच, कशाला कोण जाणे, मी डावीकडे पाहिलं.

पुढचं मी जसं घडलं तसं सांगतो. माझे पाय माझे राहिले नाहीत. मी खाली बसलो, मग आडवा झालो, आणि हातातली बर्फाची कुऱ्हाड रोवून तिला मिठी मारली. दोर ताणला गेला. दोरजे पुढून काहीतरी म्हणत होता, पण मला ऐकू येत असूनही समजत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की मी तिथून कधीच, कुणीही काहीही केलं तरी, हलणार नाही. त्या अरुंद जागेत दोरजेला सासऱ्यांना ओलांडून माझ्यापर्यंत येता येईना. त्यानं कुऱ्हाड रोवून दोर धरून ठेवला. आणि माझे सासरे, जे चिंचवडमध्ये स्टुलावर चढत नव्हते, ते त्या धारेवर मागे वळले. वळायचं म्हणजे खालची दरी समोर घ्यायची. ते बसले आणि बसल्या बसल्या सरकत माझ्याकडे आले. त्यांचे बूट माझ्या तोंडासमोर आले तेव्हा मला कळलं की ते आले आहेत.

आयुष्यात पहिल्यांदाच ते मला अरे-तुरे म्हणाले. "हात सोडू नकोस," ते म्हणाले. "कुणी सोड म्हणत नाही. मी पण घाबरलोय. हे बघ."

मी पाहिलं. त्यांचे गुडघे थडथड उडत होते आणि त्यामुळे लोकरीची ढगळ विजार फडफडत होती. मला त्या क्षणी इतका आधार दुसऱ्या कशाचा वाटला नसता.

"आता आपण दोघं मिळून घाबरू," ते म्हणाले. "एकट्यानं घाबरू नये, दमायला होतं. पुढे रुंद जागा आहे, मागे जाण्यापेक्षा ती जवळ आहे. डावा पाय. डावा म्हणजे हा, मी हात लावतोय तो. हं. आता थांब. आता घाबरून घे. झालं? आता उजवा."

असे आम्ही सरकत सरकत त्या रुंद जागेवर पोचलो. मी बर्फात पालथा पडलो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सासऱ्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात पहिला दोर शिखरावरून उतरून तिथे आला. म्होरक्या माझ्याजवळ बसला. शिखर तिथून दिसत होतं, थोडासाच चढ राहिला होता. दोरजेनं सासऱ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबूजी, ऊपर?"

मी मनाशी म्हटलं, आता हा बापडा माणूस मला घेऊन खाली जाईल. सासऱ्यांनी हेल्मेटचा पट्टा घट्ट केला. "तू बस इथे," ते मला म्हणाले. "तू तरुण आहेस, पुन्हा येशील." आणि ते वर गेले.

मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. निळ्या आकाशाखाली पांढऱ्या चढावर एक पिवळा ठिपका अत्यंत सावकाश वर सरकत होता. थांबत होता, पुन्हा सरकत होता. मग तो टोकावर थांबला, दोरजेशेजारी. फोटो नाही. कॅमेरा पहिल्या दोरावर होता आणि गारठ्यानं बंद पडला होता. थोड्या वेळानं ते खाली आले. उतरताना त्यांनी मला मधे घेतलं आणि ती धार मी कशी पार केली ते मला आजही नीट सांगता येणार नाही. तंबूत चहाचा मग हातात आल्यावर मी विचारलं, "मामा, वरून काय दिसलं?"

"काही नाही," ते म्हणाले. "डोळे मिटले होते."

"म्हणजे, वर जाऊन तुम्ही पाहिलंच नाहीत?"

"मला वर जायचं होतं," ते म्हणाले. "बघायचं कुठे होतं? चहा गरम आहे, फुंकर घालून घ्या." ते पुन्हा मला अहो-जाहो म्हणू लागले होते.

परत आल्यावर मी हे सगळं, माझ्या लोळण्यासकट, ज्याला त्याला सांगितलं. कुणीही विश्वास ठेवला नाही. रवा आणायला निगडीमार्गे जाणारा माणूस बर्फाचं शिखर चढला, हे चिंचवडमध्ये कोण मानणार? जेवढ्या कळकळीनं मी सांगू लागलो तेवढ्याच आदरानं लोक माझ्याकडे बघू लागले. कॉलनीच्या गणपतीत माझा शाल-नारळ देऊन सत्कार ठेवला गेला. मी माईकवरून स्पष्ट सांगितलं की शिखर सासरे चढले, मी वाटेत आडवा झालो होतो. मंडळाचे अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, "स्वतः चढून मान सासऱ्याला देतोय राव. जावई असावा तर असा." टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत सासरे स्वतः टाळ्या वाजवत होते. कार्यक्रम संपल्यावर ते मंडपाच्या वायरी तपासायला मागे गेले. "तुम्ही एक शब्द तरी बोला," असं मी चिडून म्हणालो, तेव्हा ते हळूच म्हणाले, "नको. हिला कळलं तर उद्या पापड वाळत घालायला गच्चीवर मला पाठवेल."

आणि तो माणूस बदललाही नाही. मला वाटलं होतं, आता भीती मेली. तसं काहीच झालं नाही. गॅसचं बटण तीनतीनदा तपासणं, निगडीची बस, बांबूचा चिमटा, सगळं पूर्ववत. आमच्या तिसऱ्या मजल्यावर ते त्यानंतर पुन्हा आले नाहीत, पटांगणातूनच हाका मारत राहिले. फक्त सासूबाईंनी एकदा मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "आल्यापासून झोपतात हो. अगदी सकाळपर्यंत." त्यांनी मला शिखराबद्दल काहीही विचारलं नाही. माझ्या ताटात जास्तीचा लाडू वाढला.

ऐंशी साल उलटल्यावर सासऱ्यांचं हृदय कुरकुरायला लागलं. एका हिवाळ्यात ते अंथरुणालाच खिळले. मी पहिल्या शिफ्टहून सुटलो की परस्पर त्यांच्याकडे जायचो. दुपारचं ऊन खिडकीतून त्यांच्या पलंगावर यायचं आणि ते उन्हात पडून असायचे. एकदा मला वाटलं ते झोपलेत, म्हणून मी उठायला लागलो, तर त्यांनी हात धरला.

"तू तिथे बसला होतास," ते म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. "तुला तिथून काय दिसत होतं?"

मी सांगायला लागलो. सगळ्या बाजूंनी डोंगरच डोंगर, एकामागे एक, शेवटचे इतके फिके की ते ढग आहेत की डोंगर ते कळू नये. खाली आमचे तंबू, तिळाएवढे. एक नदी, चांदीच्या तारेसारखी, हलत नसलेली. वर एक पक्षी, आमच्यापेक्षाही उंच, पंख न हलवता फिरणारा. ते शांत ऐकत होते. मधे मी थांबलो तर म्हणायचे, "हं. पुढे."

"आणि मी?" त्यांनी विचारलं. "मी दिसत होतो?"

"दिसत होतात. पिवळं हेल्मेट दिसत होतं."

"दोरजेला धरून होतो ना?"

"नाही मामा," मी म्हणालो. "आधी धरलं होतंत. मग सोडलंत. तुम्ही त्याच्यापासून चांगले हातभर लांब उभे होतात. ताठ."

"सोडलं होतं? मी?"

"हो. बराच वेळ."

बाहेर शिफ्टचा भोंगा झाला, सायकलींच्या घंटा वाजायला लागल्या आणि पुन्हा कमी होत गेल्या. ऊन पलंगावरून सरकून जमिनीवर गेलं. माझा हात त्यांनी अजून सोडला नव्हता. मग डोळे न उघडता, अगदी हळू आवाजात, ते म्हणाले,

"असं उभं राहू नये. कडा जवळ होता."